वाद्यांची चार घराणी

(शारजा येथील औद्योगिक क्षेत्रात काम करणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुले सुटीच्या दिवशी एका वर्कशॉपच्या शेडमध्ये जमली होती. त्यांच्यापुढे एका संगीतशिक्षकांनी सिंफनी ऑर्केस्ट्रातील वाद्यांविषयी केलेले हे भाषण आहे.)



आज सुटी आहे, म्हणून ही शेड शांत आहे. एरवी इथे लेथ फिरत असतो, ग्राइंडर किंचाळत असतो, पत्र्यावर हातोडा पडत असतो. शेजारच्या गल्लीत जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारी दुकाने आहेत, पलीकडे सुतारकामाचे कारखाने आहेत. संगीतावर बोलायला ही जागा कशी निवडली, असे तुमच्यांपैकी काहींना वाटले असेल. त्याचे उत्तर या टेबलावर मांडून ठेवले आहे. पाहा, ही पोलादी तार. हे स्वच्छ धुतलेले प्लॅस्टिकच्या पाईपचे तुकडे. ही पाण्याची रबरी नळी आणि हे नरसाळे. हे रंगाचे रिकामे पिंप. आणि हा पत्र्याचा तुकडा. जगातला सर्वांत मोठा वाद्यवृंद याच चार-पाच गोष्टींतून उभा राहिलेला आहे.

त्या वाद्यवृंदाला सिंफनी ऑर्केस्ट्रा म्हणतात. आपल्याकडे ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटले, की गणेशोत्सवात चित्रपटगीते म्हणणारी मंडळी डोळ्यांसमोर येतात. सिंफनी ऑर्केस्ट्रा त्याहून पुष्कळ मोठा असतो. त्यात ऐंशी ते शंभर वादक असतात. ते सर्वजण एकाच वेळी, एकच रचना वाजवतात. त्यांच्यासमोर उभा असलेला संचालक हातातील लहानशा छडीने त्यांना ताल आणि इशारे देतो. एवढी वाद्ये एका जागी असली, की त्यांची ओळख कशी लक्षात ठेवायची? त्यासाठी त्यांची चार घराणी मानलेली आहेत. आज आपण ती घराणी ओळखायला शिकू.

त्याआधी एक गोष्ट समजून घेऊ. आवाज म्हणजे काय? ही तार मी खिळ्यांना ताणून बांधली आहे. ती छेडतो. पाहा, ती थरथरते आहे. तिच्यामुळे भोवतालची हवा थरथरते, ती थरथर तुमच्या कानांच्या पडद्यापर्यंत येते आणि तुम्हांला आवाज ऐकू येतो. ही थरथर नियमित असेल, तर आपल्याला सूर ऐकू येतो. ती वेडीवाकडी असेल, तर आपण तिला गोंगाट म्हणतो. ग्राइंडरचा आवाज गोंगाट का वाटतो, ते आता तुमच्या लक्षात आले असेल.

पण या भागातही नियमित थरथर आहे बरे का! गल्लीच्या कोपऱ्यावर विजेचा ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्या जवळून जाताना तो गुणगुणताना ऐकू येतो. इथली वीज एका सेकंदात पन्नास फेरे घेते आणि ट्रान्सफॉर्मर त्याच्या दुप्पट, म्हणजे सेकंदाला १०० वेळा थरथरतो. सिंफनी ऑर्केस्ट्रात सेलो नावाचे मोठे तंतुवाद्य असते. त्याच्या एका जाड तारेचा सूर सेकंदाला सुमारे ९८ थरथरींचा असतो. म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि सेलोची ती तार जवळजवळ एकच सूर लावतात. मात्र ट्रान्सफॉर्मर तो दिवसभर एकसारखा लावून धरतो. सेलो वाजवणारा तो कधी हळू, कधी मोठा करतो, कधी थांबतो, कधी पुढच्या सुरावर जातो. तिथे संगीत सुरू होते.

आता पहिले घराणे पाहू. हे तंतुवाद्यांचे घराणे. यात काय थरथरते? तार. तार लांब, जाड किंवा सैल असेल, तर सूर खाली जातो. ती आखूड, बारीक किंवा ताणलेली असेल, तर सूर वर चढतो. पाहा, मी तारेच्या मध्यावर बोट दाबतो आणि छेडतो. सूर चढला की नाही?

या घराण्यात चार भावंडे मुख्य आहेत. सर्वांत धाकटे व्हायोलिन. ते हनुवटीखाली धरतात. त्याहून थोडा मोठा व्हायोला. त्याहून मोठा सेलो. तो वादक बसून गुडघ्यांमध्ये धरतो. सर्वांत थोरला डबल बास. तो माणसापेक्षाही उंच असतो, म्हणून वादक उभे राहून किंवा उंच स्टुलावर बसून वाजवतो. चौघांची ठेवण सारखीच असते. लाकडाची पोकळ पेटी, वर ताणलेल्या तारा आणि तारांना उचलून धरणारी लहानशी घोडी. नुसत्या तारेचा आवाज अगदी बारीक असतो. घोडी ती थरथर पेटीकडे नेते आणि पेटी आवाज मोठा करते. आपल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भोपळा असतो. त्याचेही काम हेच.

ही वाद्ये गजाने वाजवतात. गजाला घोड्याच्या शेपटीचे दीडशे-दोनशे केस ताणून बसवलेले असतात. त्यांवर राळ घासतात. राळ म्हणजे झाडाचा सुकलेला डिंक. सोल्डरिंग करताना तुमच्या वडिलांनी ती वापरलेली तुम्ही पाहिली असेल. राळेमुळे केस तारेला क्षणभर चिकटतात आणि सुटतात, पुन्हा चिकटतात आणि सुटतात. हे एका सेकंदात शेकडो वेळा होते. राळ नसेल, तर गज तारेवरून नुसता घसरेल आणि आवाज निघणारच नाही. या घराण्यात एक मानाची पाहुणीही आहे. तिचे नाव हार्प. तिला ४७ तारा असतात आणि त्या बोटांनी छेडतात.

दुसरे घराणे लाकडी सुषिर वाद्यांचे. ‘सुषिर’ म्हणजे पोकळ, भोके असलेले. यात काय थरथरते? नळीतली हवा. हा पाईपचा तुकडा पाहा. त्याचे एक तोंड अंगठ्याने बंद केले आणि दुसऱ्या तोंडावरून फुंकले, की सूर निघतो. आखूड तुकडा घेतला, की सूर चढतो. बासरीत नळी कापावी लागत नाही. भोके उघडली, की नळी जणू आखूड होते आणि झाकली, की पुन्हा लांब होते.

या घराण्यातही चार मुख्य वाद्ये आहेत. फ्लूट म्हणजे आडवी बासरी. ओबो म्हणजे आपल्या सनईचा चुलतभाऊ. सनईप्रमाणेच त्याच्याही तोंडाशी बोरूसारख्या गवताच्या पातळ पत्त्या असतात. फुंकर घातली, की त्या एकमेकींवर आपटत थरथरतात. क्लॅरिनेटला अशी एकच पत्ती असते. लग्नाच्या बँडमध्ये ते काळे क्लॅरिनेट तुम्ही पाहिले असेल. आणि चौथे बसून. त्याची नळी अडीच मीटर लांब असते. एवढी नळी हातात कशी धरायची? म्हणून ती मध्ये दुमडलेली असते. त्याचा आवाज आजोबांच्या आवाजासारखा घोगरा आणि प्रेमळ असतो.

मागच्या रांगेतून एक प्रश्न आला आहे. एक मुलगी विचारते आहे, “सर, फ्लूट तर चांदीसारखी चकाकते. मग ती लाकडी घराण्यात कशी?” शाबास! आजच्या भाषणातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. त्याचे उत्तर मी थोड्या वेळाने देतो. आधी तिसऱ्या घराण्याकडे जाऊ.

तिसरे घराणे पितळी वाद्यांचे. ही रबरी नळी घ्या. तिच्या एका टोकाला मी नरसाळे बसवतो. दुसऱ्या टोकाला ओठ घट्ट मिटून लावतो आणि ओठ फुरफुरवत फुंकतो. पाहा, कसा हत्तीच्या चीत्कारासारखा आवाज निघाला! यात पत्ती नाही, तार नाही. यात थरथरले ते माझे ओठ. नळीने तो सूर धरला आणि नरसाळ्याने तो बाहेर फेकला. पितळी वाद्यांचे सारे रहस्य एवढेच आहे.

या घराण्यात सर्वांत वरच्या सुराचे ट्रम्पेट. त्याची गुंडाळलेली नळी सरळ केली, तर सुमारे दीड मीटर भरेल. मग गोल वेटोळ्याचे हॉर्न. त्याची नळी साडेतीन मीटरांहून अधिक लांब. ट्रॉम्बोनला सरकती नळी असते. वादक ती पुढे-मागे करतो, तसा सूर खाली-वर होतो. आणि सर्वांत जाडजूड ट्यूबा. त्याची नळी पाच मीटरांच्या आसपास असते.

पूर्वी ट्रम्पेट आणि हॉर्न यांच्यातून मोजकेच सूर निघत. आपल्या तुतारीतून निघतात तसे. मग १८१८ साली जर्मनीत श्टोल्त्सेल आणि ब्लूमेल या दोन वादकांनी झडपांचे पेटंट घेतले. झडप दाबली, की हवा नळीच्या जादा तुकड्यातून वळसा घालून जाते. नळी लांब होते आणि सूर बदलतो. या दोघांपैकी ब्लूमेल हा खाणीतील कामगारांच्या बँडमध्ये वाजवणारा होता. पाण्याच्या किंवा हवेच्या पाईपवरचा व्हॉल्व्ह तुमच्यांपैकी प्रत्येकाने पाहिला आहे. ट्रम्पेटवरची ती तीन बटणे म्हणजे तशाच झडपा आहेत.

चौथे घराणे तालवाद्यांचे. ही वाद्ये आघात करून वाजवतात. त्यांत दोन प्रकार आहेत. काहींवर कातडे किंवा प्लॅस्टिकचा पडदा ताणलेला असतो आणि तो थरथरतो. काहींचे सबंध अंगच थरथरते. या पिंपाच्या तोंडावर मी जाड प्लॅस्टिक ताणून बांधले आहे. हा झाला पहिला प्रकार. आणि हा पत्र्याचा तुकडा दोरीने टांगून वाजवला, की झाला दुसरा प्रकार.

पहिल्या प्रकारात सर्वांत महत्त्वाचे वाद्य टिंपनी. तांब्याच्या मोठ्या भांड्यावर पडदा ताणलेला असतो आणि पायाने दाबायची एक पट्टी असते. ती दाबली, की पडद्याचा ताण बदलतो आणि सूरही बदलतो. टिंपनीचे चित्र पाहिले, की तुम्ही लगेच म्हणाल, “अरे, हा तर नगारा!” ते अगदी खरे आहे. अरब आणि तुर्क यांच्याकडून हे वाद्य युरोपात गेले आणि टिंपनी झाले. भारतातही ते आले आणि आपल्या देवळांत नगारा होऊन बसले. ‘नगारा’ हा आपला शब्दसुद्धा अरबीतील ‘नक्कारा’ या शब्दावरून आलेला आहे. तुम्ही ज्या देशात राहता, तेथील भाषेचा एक शब्द असा आपल्या देवळाच्या दारात वाजतो आहे.

दुसऱ्या प्रकारात झांजा आहेत, घंटा आहेत, लोखंडी त्रिकोण आहे, लाकडी पट्ट्यांचा झायलोफोन आहे. ही वाद्ये सोपी आहेत, असे मात्र समजू नका. द्वोर्झाक या संगीतकाराची एक प्रसिद्ध सिंफनी १८९३ साली न्यूयॉर्क येथे प्रथम वाजली. ती सुमारे चाळीस मिनिटांची आहे. त्यात झांजा फक्त एकदाच वाजतात. झांजवाला आपल्या क्षणाची वाट पाहत, मनात मात्रा मोजत बसतो. त्याचा तो एक आघात चुकला, तर दुसरी संधी नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. फ्लूट धातूची असूनही लाकडी घराण्यात कशी? पूर्वी फ्लूट लाकडाची असे. पुढे जर्मनीत थिओबाल्ट बोम नावाचा एक माणूस झाला. तो सोनारकाम जाणत होता, पोलादाच्या कामातही त्याने काही वर्षे घालवली होती आणि फ्लूटही उत्तम वाजवत असे. १८४७ साली त्याने धातूची नवी फ्लूट तयार केली. तिचा आकार, तिची भोके, भोकांवरची झाकणे, सारे त्याने हिशेब करून ठरवले. आज जगभर वाजते ती फ्लूट त्याच ठेवणीची आहे. तिचे अंग बदलले, पण आवाज निघण्याची रीत बदलली नाही. ओठांतून सोडलेली हवा भोकाच्या काठावर आदळते आणि नळीतली हवा थरथरते. म्हणून तिचे घराणेही बदलले नाही.

आता मी तुम्हांला दोन कोडी घालतो. सॅक्सोफोन सबंध पितळेचा असतो. तो कोणत्या घराण्यातला? काहीजण म्हणाले, “पितळी!” थांबा. त्याच्या तोंडाशी काय असते? क्लॅरिनेटसारखी गवताची एक पत्ती. थरथरते ती पत्ती. म्हणून सॅक्सोफोन लाकडी घराण्यातला. आता दुसरे कोडे. आपला शंख कोणत्या घराण्यातला? तो समुद्रातून आलेला. त्यात पितळेचा कणही नाही. पण तो वाजवताना काय थरथरते? बरोबर, ओठ! म्हणून शंख हा ट्रम्पेटचा भाऊबंद. आपली तुतारीही त्याच कुळातली.

म्हणजे काय झाले? वाद्याचे घराणे त्याच्या अंगावर काय आहे, यावरून ठरत नाही. ते आवाज कसे काढते, यावरून ठरते. डोळे सांगतील, की सॅक्सोफोन पितळी आहे. कानांना आणि ओठांना विचारले, तरच खरे कळेल. ही एकच गोष्ट आज तुम्ही इथून घरी नेली, तरी पुरे. आणि ती वाद्यांपुरतीच आहे, असे नाही. इथे सगळे कामगार एकसारखे बॉयलर सूट घालतात. लांबून सारे सारखेच दिसतात. त्यांतला कोण उत्तम टर्नर आहे, कोण सुंदर गातो, कोणाच्या हाताला चव आहे, हे कपड्यांवरून कसे कळणार?

ही युक्ती फार जुनी आहे. भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्र’ या प्राचीन ग्रंथात वाद्यांचे असेच चार प्रकार सांगितले आहेत. तार असलेली ती तत वाद्ये. फुंकून वाजवायची ती सुषिर. कातडे मढवलेली ती अवनद्ध. आणि ज्यांचे अंगच वाजते, ती घन वाद्ये. गंमत पाहा. भरतमुनींची घराणी चार आणि ऑर्केस्ट्राची घराणीही चार. पण वाटणी निराळी. ऑर्केस्ट्राने सुषिर वाद्यांची दोन घराणी केली, लाकडी आणि पितळी. अवनद्ध आणि घन यांचे मात्र त्याने एकच घराणे केले. पुढे १९१४ साली होर्नबोस्टेल आणि झाक्स या दोन विद्वानांनी जगातील सर्व वाद्यांची वर्गवारी केली. त्या वर्गवारीतले मूळ चार वर्ग भरतमुनींच्या चार प्रकारांशी मिळतेजुळते आहेत.

आणखी एक हात वर झाला आहे. “आपली पेटी कोणत्या घराण्यातली?” पेटीत, म्हणजे हार्मोनियममध्ये, भात्याची हवा पितळेच्या बारीक पट्ट्यांना थरथरवते. त्या पट्ट्यांना पेटीतले ‘सूर’ म्हणतात. भरतमुनींच्या वाटणीत ती सुषिर ठरेल. ऑर्केस्ट्रात मात्र तिला नेहमीची जागा नाही. प्रत्येक वाद्य प्रत्येक वृंदात असलेच पाहिजे, असे नाही.

आता ही चार घराणी बसतात कशी, ते सांगतो. सर्वांत पुढे तंतुवाद्ये, मध्ये लाकडी सुषिर वाद्ये, त्यांच्या मागे पितळी वाद्ये आणि तालवाद्ये. असे का? एका व्हायोलिनचा आवाज नाजूक असतो. म्हणून मोठ्या वाद्यवृंदात तीसच्या आसपास व्हायोलिने असतात आणि ती पुढे बसतात. ट्रम्पेटे तीन-चारच असतात आणि ती मागे बसतात, तरी ती सर्वांवर मात करू शकतात. आपला आवाज मोठा आहे, म्हणून मागे बसायचे, ही शिस्त तिथे कोणालाही अपमानाची वाटत नाही.

कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी ओबो एक सूर लावतो. तो सेकंदाला ४४० थरथरींचा असतो. सारी वाद्ये त्याच्याशी आपला सूर जुळवून घेतात. लेथवर पहिले माप नीट लावल्याशिवाय काम सुरू करत नाहीत, तसेच हे आहे.

“पण सर, हे सगळे युरोपातले. आपला त्याच्याशी काय संबंध?” असे तुम्ही विचाराल. तो संबंध पुष्कळ आहे. मेहली मेहता या व्हायोलिनवादकाने १९३५ साली मुंबईत बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. त्यांचा मुलगा झुबीन याचा जन्म १९३६ साली मुंबईतच झाला. १९५४ साली तो व्हिएन्नाला शिकायला गेला. तिथे तो डबल बास वाजवायला आणि वाद्यवृंदाचे संचालन करायला शिकला. पुढे झुबीन मेहता हे लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क येथील मोठ्या वाद्यवृंदांचे संचालक झाले. २००६ साली मुंबईच्या एन.सी.पी.ए. या संस्थेत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला. २०१५ साली या वाद्यवृंदाने उस्ताद झाकीर हुसेन यांची ‘पेशकार’ ही रचना सादर केली. त्यात स्वतः झाकीर हुसेन यांचा तबला होता आणि भोवती सारा वाद्यवृंद होता.

गोव्याची गोष्ट तर आणखी जवळची आहे. गोव्याच्या खेड्यांतील मुले चर्चच्या शाळांत व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकत. पुढे त्यांतील अनेकजण पोटासाठी मुंबईला आले आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवू लागले. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकी एक. त्यांनी १९५८ साली मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतील प्यारेलाल हे त्यांचेच शिष्य. जुनी हिंदी गाणी लागतात, तेव्हा गाण्याच्या मागे व्हायोलिनांची जी लाट उठते, ती या मंडळींच्या हातांची आहे. म्हणजे सिंफनी ऑर्केस्ट्रातली वाद्ये तुम्ही लहानपणापासून ऐकत आहात. तुम्हांला त्यांची नावे तेवढी ठाऊक नव्हती.

आणि इथले उदाहरण घ्यायचे, तर शेजारच्या दुबईचे घ्या. तिथल्या जागतिक प्रदर्शनात २०२१ च्या ऑक्टोबर महिन्यात ‘फिरदौस’ हा वाद्यवृंद प्रथम वाजला. अरब जगातील निरनिराळ्या देशांतून आलेल्या पन्नास स्त्रिया त्यात वाजवत होत्या. त्यांना मार्गदर्शन करणारे होते आपल्या भारताचे ए. आर. रहमान.

तुमच्यांपैकी कोणाच्या घरी लगेच सेलो येईल, असे मी म्हणणार नाही. ही वाद्ये महाग असतात. इथल्या खोल्या लहान आहेत आणि वडिलांच्या कामाच्या वेळा लांब आहेत. पण ऐकायला पैसे पडत नाहीत. प्रोकोफिएव या रशियन संगीतकाराने १९३६ साली खास मुलांसाठी ‘पीटर आणि लांडगा’ ही गोष्ट संगीतात रचली. त्यात प्रत्येक पात्राला आपले वाद्य आहे. चिमणा पक्षी म्हणजे फ्लूट, बदक म्हणजे ओबो, मांजर म्हणजे क्लॅरिनेट, आजोबा म्हणजे बसून आणि लांडगा म्हणजे तीन हॉर्न. पीटर मात्र तंतुवाद्यांचा. घरच्या मोबाइलवर ती रचना ऐका आणि कोण आले, ते डोळे मिटून ओळखा.

मात्र कान सांभाळा. ८५ डेसिबलपेक्षा मोठा आवाज रोज अनेक तास कानांवर पडला, तर ऐकू येणे हळूहळू कमी होते. हे नुकसान पुन्हा भरून येत नाही. तुमचे वडील ग्राइंडरवर काम करताना कानांना संरक्षक लावतात की नाही, ते त्यांना आवर्जून विचारा. ऑर्केस्ट्रातले वादकसुद्धा ट्रम्पेटसमोर बसताना कानांत बोळे घालतात. कानाला इअरफोन लावून आवाज मोठा करण्याची सवय तर आजच सोडा.

जाता जाता तुम्हांला काम देतो. शीतपेय पिण्याची एक स्वच्छ नळी घ्या. तिचे एक टोक चपटे करा आणि मोठ्यांच्या मदतीने ते दोन्ही बाजूंनी तिरपे कापा, म्हणजे टोकदार होईल. ते टोक ओठांत धरून जोराने फुंका. तुमचा ओबो बोलू लागेल. मग दुसऱ्या टोकाकडून नळी थोडी थोडी कापत जा आणि सूर कसा चढतो, ते पाहा. भंगारातला कोणताही पाईप मात्र तोंडाला लावू नका. त्यात तेल आणि रसायने असतात.

उद्या सकाळी ही शेड पुन्हा सुरू होईल. तेव्हा शाळेच्या बसची वाट पाहताना क्षणभर नीट ऐका. घणाचा ठोका ऐकू येईल, हवेच्या पाईपची शीळ ऐकू येईल, ताणलेल्या तारेचा टणत्कार ऐकू येईल. प्रत्येक आवाजाला विचारा, “तुझ्यात काय थरथरते?” उत्तर मिळाले, की त्याचे घराणे तुम्हांला कळेल.